धार नावाचा नॉब

आमच्या घरातले बाप-लेक भांडायचे थांबले, तेव्हा सगळ्यात आधी संशय आला तो सासूबाईंना.

"खाली सगळं ठीक आहे ना गं?" त्यांनी मला विचारलं. खाली म्हणजे तळमजल्यावरच्या आमच्या स्टुडिओत. आम्ही वर राहतो आणि खाली काम करतो. कामावर जायचा रस्ता म्हणजे एक जिना. "दोघांचा आवाज नाही आला आज दिवसभर. कुणाला बरं नाही का?"

"तसं काही नाही आई. अगदी गुण्यागोविंदाने काम चाललंय."

"तेच म्हणतेय मी," सासूबाई म्हणाल्या. "काहीतरी बिघडलंय."

सासूबाईंना आवाजाच्या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांचं निदान सहसा चुकत नाही. बिघडलं होतंच. काय बिघडलंय ते मला माहीतही होतं. पण नवऱ्याने मला तोंडाला कुलूप लावायला सांगितलं होतं आणि मी ते लावलं होतं. हे कुलूप आमच्या घरात फार टिकत नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्ही सिनेमाचा आवाज तयार करतो. मी संवाद साफ करते. नटाने गिळलेला शब्द शोधून काढायचा, मध्येच कुरकुरलेली खुर्ची गप्प करायची, शोकाच्या प्रसंगात लांबवर भुंकणारं कुत्रं हाकलायचं. थोडक्यात, दुसऱ्यांनी केलेला केर मी काढते, आणि मग ते सगळे आवाज एकत्र करून नवरा नाव मिळवतो. धंद्यातले लोक त्याला 'कानसेन' म्हणतात. पहिल्यांदा कुणीतरी चेष्टेने म्हटलं असणार, पण त्याने ते पदवीसारखं घेतलं. ऐकायला बसला की तो समोरचा कॉम्प्युटरचा पडदा बंद करतो. "डोळे कानांना फसवतात," असं म्हणतो. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला म्हणतो. मला तर लग्नाआधीपासून म्हणतोय.

आणि तिसरे बाबा, म्हणजे माझे सासरे. त्यांनी सगळी नोकरी एका मोठ्या स्टुडिओत केली. तिथलं आवाज जुळवायचं टेबल दोन पलंग जोडून ठेवावेत एवढं होतं, आणि त्यावर इतके नॉब होते, की नवीन माणसाला पहिले काही दिवस कुठल्याही नॉबला हात लावायची बंदी असे. आवाज खरोखरच त्या टेबलातून, तारांतून, बोटांखालून जायचा. ते टेबल भंगारात गेलं आणि बाबा निवृत्त झाले, की बाबा निवृत्त झाले म्हणून टेबल भंगारात गेलं, यावर घरात दोन मतं आहेत. नवऱ्याने त्यांना आमच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं, तर त्यांनी माउस एका बाजूला सारला. "एका बोटाने टिचक्या मारायच्या? मी काय कॅरम खेळायला आलोय?"

मग नवऱ्याने कंट्रोलर आणला. म्हटलं तर पाटाएवढी काळी फळी. तिच्यावर नॉबची एक रांग, आणि त्याखाली वर-खाली सरकणारे फेडर. बाबांना वाटलं, जुनं टेबल धुऊन आटलं. पण गंमत अशी, की या फळीतून आवाजाचा एक थेंबही जात नाही. हात किती फिरला एवढंच ती कॉम्प्युटरला कळवते. बाकीचं काम आतली प्लगइन, म्हणजे आवाजावर संस्कार करणारे छोटे प्रोग्रॅम, करतात. आणि कुठल्या नॉबने कुठल्या प्लगइनचं काय हलवायचं, ते आधी ठरवून द्यावं लागतं. 'लर्न' दाबायचं, पडद्यावर हवी ती वस्तू दाखवायची, फळीवरचा नॉब जरा फिरवायचा, की दोघांचं जमलं. आम्ही याला 'सोयरीक' म्हणतो. ज्या नॉबची सोयरीक झालेली नाही, तोही फिरतो, त्याच्याभोवतीचे बारके दिवेही पेटतात, ऐटीत काही कमी नसतं. फक्त त्याच्या फिरण्याने कुणाला काही होत नाही. असे नातेवाईक प्रत्येक घरात असतात.

फळीची वाटणी झाली. डावी बाजू बाबांची, उजवी नवऱ्याची. आणि मग सुखाचे दिवस आले, म्हणजे रोज भांडणं सुरू झाली. "दाराचा आवाज मोठा झालाय." "दार मोठंच आहे." "बाबा, ती बाई कुजबुजतेय." "कुजबुजते आहे, पण तिकीट काढून आलेल्याला ऐकू नको का जायला?" वरून सासूबाई चहा पाठवायच्या आणि विचारायच्या, आज कोण जिंकतंय.

मग तो शिंपीणबाईंचा सिनेमा आला.

दोन बहिणी, एक शिवणकामाचं दुकान, आणि सिनेमाभर कापडातून चालणारी कात्री. दिग्दर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की माझ्या सिनेमात तीन मुख्य पात्रं आहेत. दोन बहिणी आणि ती कात्री. मॅडम सतत पेन्सिल चावतात, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य लाकडी येतं, पण हे वाक्य चांगलं होतं. बाबांनी ते मनावर घेतलं.

"कात्री बोथट आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी वरच्या पट्टीचा, म्हणजे बारीक आवाज वाढवणारा, नॉब फिरवला. दिवे पेटले. माझ्या दाढेतून कळ गेली. नवऱ्याने दोन्ही कान दाबले. सिनेमातल्या थोरल्या बहिणीचा प्रत्येक 'स' तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्रकन वाजत होता.

"आता बरी आहे," बाबा समाधानाने म्हणाले.

नवऱ्याने हळूच खाली आणलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा वर नेलं. तिसऱ्या दिवशी मॅडम ऐकायला आल्या, आणि त्यांच्या तोंडातली पेन्सिल खाली पडली.

आमच्या तिघांच्याही लक्षात आलं होतं, फक्त बोलायला कुणी तयार नव्हतं. बाबांना वरचं ऐकू येईनासं झालं होतं. वयाने होतं तसं, आधी सगळ्यात बारीक, सगळ्यात उंच आवाज जातात. कात्रीची धार बरोबर तिथेच राहते. एरवी "बाबा, हे साफ चुकलंय" असं खडसावून सांगणारा नवरा इथे मात्र गप्प झाला. कारण हे चूक काढणं नव्हतं. ज्या माणसाने आपल्याला ऐकायला शिकवलं, त्याला तुम्हाला ऐकू येत नाही असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मला त्याची दया आली. मग त्याने काय केलं ते कळलं, आणि दया संपली.

त्याने त्या नॉबची सोयरीक मोडली.

"फक्त तेवढा एक नॉब," तो मला म्हणाला. "बाकी सगळे चालू आहेत. त्यांना हवा तेवढा फिरवू दे. त्यांना वाटेल धार आली, मला त्रास नाही, मॅडमना त्रास नाही. सगळे खूश. त्याच्यावर एक पट्टी लाव ना 'धार' म्हणून, तुझं अक्षर चांगलं आहे."

"हे बरं नाही."

"मग तू सांग त्यांना."

मी पट्टी लावली. अक्षर चांगलं आहे हे खरं आहे.

आणि घरात शांतता पसरली. बाबा 'धार' फिरवायचे, भोवतीचे दिवे पेटायचे, पडदा तर नेहमीप्रमाणे बंदच असायचा. नवरा मान डोलवून म्हणायचा, "वा बाबा! आता कशी!" मॅडमना त्याने कानात सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्याही "छान, छान," म्हणायच्या, बाबांशी जरा सावकाश आणि मोठ्याने बोलायच्या, आणि त्यांच्याकडे बघून असं हसायच्या, की मला ती पेन्सिल घेऊन मोडावीशी वाटे. एका माणसाला मोठ्या मनाने फसवायचं काम चार-चौघांनी मिळून किती प्रेमाने करावं!

अशातच एक दिवस सकाळी नवरा आंघोळीला गेला होता. तो आत शिरला की निवांत वेळ मिळतो, कारण तिथे घुमतं चांगलं आणि तो गातो. बाबा माझ्या खोलीत आले. माझी खोली म्हणजे स्टुडिओच्या मागची, दोन खुर्च्या ठेवल्या की भरणारी.

"सूनबाई, दार लाव."

मी लावलं.

"माझ्या त्या धारवाल्याची सोयरीक मोडलीय ना?"

मी कीबोर्डकडे पाहिलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यानेच."

"त्याने सांगितलं?"

"तोंडाने नाही. अगं, या धंद्यात आल्यापासून त्याने माझ्या एका तरी कामाला बरं म्हटलंय का? शिकला माझ्याकडे आणि आधी काय शिकला तर माझ्या चुका काढायला. मला त्याचा अभिमान होता. आणि परवा एका सकाळीत तीनदा 'वा बाबा'! तिसऱ्यांदा मी काय केलं, नॉब उलटा फिरवला. पार डावीकडे, शून्यावर. कात्री मरायला पाहिजे होती. तर आपले चिरंजीव म्हणतात, 'आता बघा, केस उभा चिरेल अशी धार आली!'"

मला फिसकन हसू आलं, आणि पाठोपाठ स्वतःचाच राग आला.

"बाबा, ती पट्टी मी लावलीय."

"अक्षर ओळखतो मी. छान काढलंयस." ते समोरच्या खुर्चीत बसले. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "मला खाली बसू द्यायचं नसेल तर तसं सांगा. वर बसून पेपर वाचेन, तुझ्या सासूच्या कामात लुडबुड करेन. पण रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा देतात तसा नॉब देऊ नका गं मला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो क्षणभर धरू दिला आणि मग सोडवून घेतला, कारण त्यांना कामाचं बोलायचं होतं.

"बरं, झालं ते झालं. आता मला ती सोयरीक जुळवायला शिकव. मोडायलाही."

"तुमचा नॉब परत जोडायचा?"

"माझा कशाला?" बाबांचे डोळे चमकले. मला एकदम कळलं, की नवऱ्याच्या अंगातला खट्याळपणा कुठून आलाय, आणि मूळ माल किती चांगला होता. "त्याचा जो लाडका नॉब आहे ना, तो. ऊब."

'ऊब' म्हणजे नवऱ्याचं दैवत. जुन्या टेपवर आवाज भरला की त्याला एक मऊपणा यायचा, तो आणून देणारं एक प्लगइन आहे. त्याचा नॉब थोडा फिरवला की आवाज गुबगुबीत होतो, जास्त फिरवला की खरखरतो, आणि शेवटपर्यंत फिरवला तर माणूस पत्र्याच्या पेटीत बसून किंचाळल्यासारखा फाटतो. नवरा डोळे मिटून, श्वास रोखून तो केसभर फिरवतो आणि मग सगळ्यांकडे असा बघतो, जणू खोलीत शेगडी पेटवलीय.

वरून, न्हाणीघरातून, तिसऱ्या गाण्याची सुरुवात ऐकू आली. वेळ होता. मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन स्वतःच्या हाताने, माउसने, ज्याला ते कॅरम म्हणतात त्याच टिचकीने, लेकाच्या लाडक्याला सोडचिठ्ठी दिली. प्लगइनमधली ऊब होती तिथेच राहिली, इकडचा काटा तिकडे झाला नाही. फक्त फळीवरचा नॉब तिला आता ओळखत नव्हता.

"शेरास सव्वाशेर," मी म्हटलं.

"गप्प बस आणि तोंड सरळ ठेव," बाबा म्हणाले. "तुला हसू लपवता येत नाही."

ते मात्र खरं निघालं. त्या दिवशी नवऱ्याने मला हाक मारून शेजारी बसवलं, पडदा बंद केला, डोळे मिटले आणि ऊब फिरवली. दिवे पेटले.

"ऐकलंस?"

"काय?"

"काय म्हणजे? धाकटीचा आवाज. आधी खोलीत होती, आता घरात आहे."

"हो की," मी म्हटलं.

"आता बघ, परत नेतो." त्याने नेला. "गेली ना? एकदम कोरडी, बिचारी." पुन्हा आणला. "आता?"

"घरात आली."

"तुझे कान तयार होत चाललेत," नवरा प्रेमाने म्हणाला. मी पाणी प्यायला बाहेर गेले आणि जिन्यात बसून तोंडात ओढणी कोंबून हसले. संध्याकाळी त्याने हाच प्रयोग पुन्हा केला, आणि या खेपेला म्हणाला, की सकाळपेक्षाही बारीक फरक पकडलाय. बाबा डाव्या बाजूला बसून आपला मेलेला नॉब इमानदारीने फिरवत होते. दोघं शेजारी शेजारी, दोघांचे नॉब कशालाच जोडलेले नाहीत, आणि दोघं एकमेकांना "वा!" म्हणताहेत. असं पितृप्रेम मी कुठे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम शेवटचं ऐकायला आल्या. आज त्यांनी 'झालं' म्हटलं की सिनेमा बाहेर जाणार होता. मला जरा धाकधूक वाटायला लागली. मस्करीची कुस्करी झाली तर? मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पापणीही हलवली नाही.

सगळं ऐकून झाल्यावर मॅडमनी पेन्सिल बाहेर काढली. "सुंदर आहे. फक्त ते बाह्यांचं वाक्य... कसं सांगू? थोरली तिथे पहिल्यांदा धाकटीशी प्रेमाने बोलते. ते मला अजून पोचत नाहीये."

"समजलं," कानसेन म्हणाले. पडदा बंदच होता. त्याने डोळे मिटले, बोटं झटकली, ऊब नावाच्या नॉबवर दोन बोटं ठेवली आणि श्वास रोखला. स्पीकरमधून थोरली बहीण म्हणाली, "बाह्या जरा आखूड कर, तुला शोभतील." त्याने केसभर फिरवलं. पुन्हा वाक्य लावलं. "बाह्या जरा आखूड कर, तुला शोभतील."

"हो!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "हेच! आली! बघा, माझ्या अंगावर काटा आला!"

खरंच आला होता. त्यांनी बाही वर करून दाखवला. मी ओठ इतके घट्ट दाबले, की कानात शिट्टी वाजायला लागली. बाबांनी खोकल्याचं निमित्त करून माझ्या पायावर पाय दिला. मॅडम नवऱ्याचे आभार मानून, बाबांना नेहमीप्रमाणे सावकाश आणि मोठ्याने "तब्येत जपा हं" सांगून, खुशीत निघून गेल्या.

दार बंद झालं. नवरा खुर्चीत मागे रेलला, हात डोक्यामागे घेऊन. माणूस इतका सुखात असताना त्याच्याकडे बघायलाही वाईट वाटतं. मला अगदी थोडं वाटलं.

"चांगली आणलीस ऊब," बाबा म्हणाले. "अजून थोडी दे."

"बास आहे बाबा. जास्त झाली तर फाटेल."

"बघू तरी, कशी फाटते."

"आता कशाला उगाच..."

"म्हाताऱ्याची हौस समज."

नवरा हसला आणि त्याने नॉब फिरवला. दिव्यांची अर्धी माळ पेटली. थोरली म्हणाली, "बाह्या जरा आखूड कर, तुला शोभतील." त्याच्या कपाळावर बारीक आठी आली. अजून फिरवला. थोरली तितक्याच मायेने म्हणाली, बाह्या आखूड कर. त्याने शेवटपर्यंत फिरवला, सगळे दिवे पेटले, आता ती पत्र्याच्या पेटीतून किंचाळायला हवी होती. बाह्या जरा आखूड कर, तुला शोभतील. त्याने नॉब शून्यावर आणला. तरीही तिचं बाह्यांबद्दलचं मत बदललं नाही.

मग, ऐकताना कधी करत नाही ती गोष्ट त्याने केली. पडदा चालू केला. पडद्यावरचा ऊब नॉब आपल्या जागी शांत बसला होता. नवऱ्याने फळीवरचा फिरवून पाहिला. हा इकडे गरगर फिरतोय, तो तिकडे ढिम्म.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मला हसू लपवता येत नाही, हे बाबा बोललेच होते. मग त्याने बाबांकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"कालपासून," बाबा म्हणाले.

"म्हणजे काल सकाळी..."

"हो."

"आणि संध्याकाळी, तो बारीक फरक..."

"फारच बारीक होता तो," मी म्हटलं.

"तू म्हणालीस, धाकटी घरात आली!"

"मी बायको आहे. तू म्हणशील ते मला वर्षानुवर्षं ऐकू येतंय."

"आणि मॅडम? त्यांच्या अंगावर काटा..."

"त्यांनाही आली ऊब," बाबा म्हणाले. "गुणी बाई आहेत."

नवरा उठला. त्याचे कान लाल झाले होते. "ही काय चेष्टा झाली? क्लायंट समोर बसलेला असताना? माझं नाव काय राहिलं असतं?"

"काही गेलं नाही तुझं नाव," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "ती जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. तू थांबला होतास का रे? तू तर तिला आधीच सांगून ठेवलं होतंस. रोज माझ्याकडे बघून कशी हसते ती, ते मला दिसतं. डोळे चांगले आहेत माझे."

नवरा खाली बसला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की कॉम्प्युटरचा पंखा ऐकू यायला लागला. म्हणजे मला आणि त्याला. बाबांना येत होता की नाही, कुणास ठाऊक.

"मला वरचं ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. "तुम्हाला वाटलं मला माहीत नाही? अरे, आवाजाचा माणूस मी. काय गेलं ते मला पहिल्यांदा कळणार. कुकरची शिट्टी आता मला तुझ्या आईच्या चेहऱ्यावरून कळते. ती कात्री मला दिसते, कापड दुभंगताना दिसतं, पण मध्ये काही वाजत नाही. म्हणून फिरवत राहिलो, 'आता बरी आहे' नुसतं म्हणायचो. वाटायचं, अजून थोडं फिरवलं तर येईल." ते थांबले. "नाही आली. ठीक आहे. पण मी चुकलो तर 'चुकलात' म्हण ना. नेहमी म्हणतोस तसं, ओरडून. 'वा' कशाला म्हणतोस? 'वा' पाहुण्यांना म्हणतात."

मग त्याचा प्रश्न आला तो अगदी पोरासारखा. "बाबा, मग ते वाक्य... ऊब नव्हतीच का त्यात?"

"होती की. तू पहिल्या आठवड्यातच बरोबर घातलीस. तेव्हापासून रोज नुसता हात फिरवून खात्री करतोयस. काम चांगलं केलंयस रे, गाढवा."

नवऱ्याने नाक ओढलं, मान खाली घातली आणि माउस हातात घेतला. 'लर्न' दाबलं. पडद्यावर वरच्या पट्टीच्या नॉबवर टिचकी मारली, मग उठून बाबांचं बोट धरलं, 'धार'वर ठेवलं आणि फिरवलं. पडद्यावरचा नॉब हलला. सोयरीक झाली. मी पट्टी सोलून काढायला पुढे झाले, तर बाबा म्हणाले, "राहू दे. अक्षर चांगलं आहे."

"कात्री लावतो," नवरा म्हणाला.

कात्री चालायला लागली. बाबांनी फिरवलं. अजून फिरवलं. माझ्या दाढेतून कळ गेली.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याची जीभ जड झाली होती, ते मला दिसत होतं. मी भुवई उडवली. भुवईनेच म्हटलं, आता बोलला नाहीस तर मी तुझ्या सगळ्याच सोयरिकी मोडेन, माझ्यासकट.

"बाबा!" तो ओरडला. "काय करताय काय? कानाचे पडदे फाटले! खाली घ्या!"

बाबा खुर्चीत ताठ झाले. "किती खाली?"

"अजून. अजून! थांबा, फार झालं. बोथट झाली."

"मग नीट सांग की! मला काय ऐकू येतंय?"

"बोटं तर चालतात ना? नखाएवढं वर. नखाएवढं म्हटलं, हातभर नाही!"

"तुझी नखं बघ आधी!"

जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, हाताला पीठ लागलेलं, आणि खोलीत चाललेली आरडाओरड ऐकत राहिल्या. दोघांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

"भांडतायत का गं?" त्यांनी मला विचारलं.

"हो आई. कात्रीवरून."

त्यांनी पुढे वाकून बाबांचा चेहरा पाहिला. बाबा नॉबवर ओणवे झाले होते, लेकाकडून चांगली कानउघाडणी करून घेत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बरं झालं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला वर गेल्या.